आमच्याकडे असं नसतं

बर्मिंगहॅममध्ये उपखंडातली मंडळी आपापला पदार्थ घेऊन एकत्र जेवायला जमली, की भांडण टोपाच्या झाकणाखाली असतं. झाकण उघडलं की, "वा, काय वास सुटलाय!" आणि पाठोपाठ, "आमच्याकडे यात टोमॅटो नसतो हं."

लाहोरच्या आपा निहारी आणतात. रात्रभर मंद आचेवर शिजलेली, वर लालभडक तवंग, आल्याच्या बारीक काड्या. सिल्हेटचे भाई मटणात सातकरा घालतात. त्या जाड सालीच्या लिंबाची कडवट-आंबट फोड दाताखाली आली की आपले डोळे मिटतात आणि भाईंना ती दाद वाटते. कँडीच्या वहिनींची परिप्पू, म्हणजे नारळाच्या दुधातली मसूरडाळ, दिसायला गरीब. पण शेजारचा पोल सांबोल, म्हणजे मिरची घातलेला ओला नारळ, तिचा सूड घेतो.

आम्ही कोल्हापूरचे, म्हणजे अर्थातच तांबडा-पांढरा रस्सा. पांढरा रस्सा पाहून आपांनी हळूच विचारलं, "ही खीर आधी घ्यायची की नंतर?"

"मध्ये मध्ये," बायको म्हणाली. पहिल्याच घोटाला मिऱ्याचा ठसका लागला. आपांनी डोळे पुसले आणि वाटी पुढे केली.

खरी लढाई बिर्याणीवर. कोलकात्याच्या दादांना बटाट्याशिवाय बिर्याणी अपुरी वाटते. हैदराबादच्या साहेबांना बटाटा म्हणजे घुसखोर. दोघांनीही आपापल्या आज्यांना साक्षीला बोलावलं. वास्तविक बटाटा, टोमॅटो, मिरची ही तिन्ही मंडळी अमेरिका खंडातली. पोर्तुगीज यायच्या आधी उपखंडातल्या कुठल्याच आजीला मिरची ठाऊक नव्हती. पण हे जेवताना बोलू नये. पुढची वाढ थांबते.

या जेवणाचं विलायतेत बस्तान बसायला वेळ लागला. पाटण्याच्या दीन महंमदने 1810 मध्ये लंडनला हिंदुस्थानी जेवणाचं हॉटेल काढलं आणि दोन वर्षांत त्याचं दिवाळं निघालं. पुढे 2001 मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाल्याला ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ म्हटलं. आमच्या पंगतीत त्यावर कोणी हक्क सांगत नाही. उपखंडाचं एकमत झालेला तेवढाच विषय.

तुम्हालाही असं आमंत्रण आलं, तर आपला पदार्थ बेताचा न्या आणि रिकामा डबा मोठा. रस्सा लाहोरचा असो वा कोल्हापूरचा, दुसऱ्या दिवशी मुरून जास्त चांगला लागतो.