दिवाळखोराचं टीए बिल

अमेरिकेत दिवाळं काढायचं तर नुसते पैसे संपून भागत नाही. पैसे संपलेत हे एका फॉर्मला पटावं लागतं. फॉर्मचा नंबर १२२ए-१. त्यात मागच्या सहा पूर्ण महिन्यांची कमाई लिहायची, मासिक सरासरी काढायची, तिला बाराने गुणायचं आणि आपल्या राज्यातल्या तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मधल्या उत्पन्नाशी ताडून पाहायचं. आकडा खाली राहिला तर सुटलात. चॅप्टर सातखाली बहुतेक देणी माफ होतात आणि काही महिन्यांत माणूस मोकळा. आकडा वर गेला तर दुसरा, याहून लांबलचक फॉर्म. तिथेही गचकलात तर कायदा गृहीत धरतो की तुम्ही दिवाळखोरीचा गैरवापर करताय. मग बहुतेकांच्या नशिबी चॅप्टर तेरा, म्हणजे पाच वर्षं हप्ते. बुडालेल्या माणसाला पात्रता परीक्षा आणि नापास झाला तर वर शिकवणी, असा प्रकार.

ही परीक्षा २००५ सालची. धाकट्या बुशसाहेबांनी २० एप्रिलला कायद्यावर सही केली आणि १७ ऑक्टोबरला तो लागू झाला. मधल्या सहा महिन्यांत लोकांनी कोर्टांत अशी गर्दी केली की त्या एका वर्षात वीस लाखांवर अर्ज गेले. आपल्याकडे सोनं महागणार अशी आवई उठली की सराफाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. तिकडे दिवाळं महागणार म्हणून रेटारेटी झाली. कायद्याच्या लांबलचक नावात ‘गैरवापरास प्रतिबंध’ आहे आणि ‘ग्राहक संरक्षण’ही आहे. तो यावा म्हणून क्रेडिट कार्ड कंपन्या आणि बँकांनी वर्षानुवर्षं जोर लावला होता, तेव्हा कोणत्या ग्राहकाचं संरक्षण ते वाचकांनीच ताडावं. हार्वर्डच्या प्राध्यापिका एलिझाबेथ वॉरन कायद्याच्या विरोधात साक्ष द्यायला गेल्या आणि समितीतल्या सिनेटर जो बायडन यांच्याशी त्यांची जुंपली. बायडन डेलावेअरचे, आणि डेलावेअर म्हणजे कार्ड कंपन्यांचं माहेर. पुढे २०२० साली हे दोघे एकाच पक्षाचं तिकीट मागायला उभे होते. असो.

आता मुद्द्यावर येऊ, म्हणजे टीए बिलावर. ज्यांची हयात सरकारी कचेरीत गेली त्यांना टीए बिल समजावून सांगायला नको. आधी पदरचे पैसे घालून दौरा करायचा, मग बिल सादर करायचं, मग ‘मूळ तिकीट जोडलेले नाही’ अशा शेऱ्यानिशी ते परत यायचं आणि दौरा विसरला जाईपर्यंत पैसे यायचे. अमेरिकेतल्या खासगी कंपन्यांत हेच सगळं चालतं, फक्त बिल अॅपवर चढवतात आणि शेरा इंग्रजीत येतो.

तर न्यू जर्सीतल्या एडिसनला एक कन्सल्टंट राहतो असं समजू. सोयीसाठी त्याला बंडोपंत म्हणू. सोमवारी पहाटे विमानाने डॅलसला, चार दिवस हॉटेलात, गुरुवारी रात्री परत. विमान, हॉटेल, टॅक्सी, जेवण सगळं त्याच्या स्वतःच्या क्रेडिट कार्डावर. महिन्याला तीन हजार डॉलर. कंपनी हे पैसे देते, पण तिच्या सवडीने. तोवर व्याज बंडोपंतांचं. दोन-तीन वर्षं हे चाललं, त्यात बायकोची नोकरी गेली आणि दवाखान्याचं एक दांडगं बिल आलं. कार्डं एकमेकांची देणी फेडू लागली आणि बंडोपंत वकिलाकडे पोचले.

वकिलाने खात्याचा उतारा मागितला. उताऱ्यात पगाराच्या ओळीखाली कंपनीच्याच नावाने आणखी जमा. इथे घोडं पेंड खातं.

कायदा म्हणतो, सगळ्या मार्गांनी मिळणारं उत्पन्न धरा. त्यावर कर लागतो की नाही ते विचारू नका. आयकर खात्याचं म्हणणं वेगळं. तिथे खर्च कामासाठी केलेला असेल, खर्चाचा हिशेब ६० दिवसांत दिला असेल आणि उचल जास्त घेतली असेल तर उरलेली १२० दिवसांत परत केली असेल, तर ती रक्कम तुमचं उत्पन्नच नव्हे. वर्षअखेरच्या पगारपत्रकात ती दिसतही नाही. म्हणजे एकाच सरकारच्या एका खिडकीवर हे पैसे बंडोपंतांचे नाहीत आणि शेजारच्या खिडकीवर ‘ते आम्ही नंतर बघू, आधी दाखवा तर खरं’.

उत्पन्नातून काय वगळायचं याची यादी कायद्यात आहे. सोशल सिक्युरिटीचे पैसे वगळा. युद्धगुन्ह्यांच्या बळींना मिळालेली भरपाई वगळा. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांची वगळा, दहशतवादाच्या बळींची वगळा. २०१९ मध्ये जायबंदी सैनिकांची भरपाईही त्यात आली. सगळं योग्यच आहे, कुणी हरकत घेणार नाही. पण ही यादी करताना ज्या कायदेपंडितांना नरसंहार आठवला, त्यांना विमानतळापासून हॉटेलापर्यंतची टॅक्सी आठवली नाही. आणि हे पंडित स्वतः दर आठवड्याला वॉशिंग्टनला ये-जा करणारे, ज्यांची बिलं सरकार भरतं.

वकिलांची समजूत अर्थात सरळ आहे. जेवढा खर्च केला तेवढाच परत आला, तर त्यात कमाई कसली? बहुतेक ठिकाणी हे चालूनही जातं. मात्र ते पावत्यांनी शाबीत करावं लागतं. कंपनी दरमहा ठरावीक ‘कार भत्ता’ देत असेल आणि पावती मागत नसेल, तर तो सरळ उत्पन्नात. मैलावर पैसे मिळत असतील तर आणखी मौज. २०२५ साली आयकर खात्याचा दर मैलाला ७० सेंट होता. त्यात पेट्रोल, झीज, विमा सगळं आलं. आता बंडोपंतांची गाडी जुनी, मैलाला चाळीस सेंटांत धावणारी असेल तर उरलेले तीस सेंट कुणाचे, हा प्रश्न अर्ज तपासणाऱ्या ट्रस्टीला पडू शकतो. काटकसर केली म्हणून उत्पन्न वाढलं, असा हा हिशेब.

खरी गंमत सहा महिन्यांत आहे. अर्ज १५ सप्टेंबरला केला तर १ मार्च ते ३१ ऑगस्ट एवढाच काळ धरायचा, असं उदाहरण खुद्द फॉर्मवर छापलंय. पैसे कधीच्या कामाचे ते गौण. आले कधी, ते महत्त्वाचं. बंडोपंतांच्या कंपनीत ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत बिलं तुंबली होती. मंजुरी देणारा अधिकारी बदलला, नव्याला अॅपचा पासवर्ड मिळेना. मार्चमध्ये एकदम १५,००० डॉलर जमा झाले. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. आता सरासरी काढा: सहाने भागले की महिन्याला अडीच हजार. बाराने गुणा: वर्षाला ३०,०००. कंपनीने थकवलेले पंधरा हजार फॉर्मवर तीस हजार झाले. ज्या माणसाला आयुष्यात कधी पैसे दुप्पट करता आले नाहीत, त्याचे ते दिवाळखोरीच्या अर्जात झाले. आणि त्या जोरावर तो राज्याच्या मधल्या उत्पन्नाच्या वर जाऊन बसला. चॅप्टर तेरामध्ये मधल्या उत्पन्नाच्या खालच्याला साधारण तीन वर्षं हप्ते, वरच्याला पाच. म्हणजे न सापडलेल्या पासवर्डाची किंमत दोन वर्षांचे हप्ते.

ज्या कार्डावर ती तिकिटं काढली त्याचं देणं मात्र देण्याच्या रकान्यात आहेच. मार्चमधले पैसे व्याजात आणि दवाखान्यात गेले. एकच विमानप्रवास एका पानावर कर्ज म्हणून आणि दुसऱ्या पानावर श्रीमंती म्हणून नोंदला गेला.

हा फॉर्म परतफेड पार विसरलाय असंही नाही. दुसऱ्या, मोठ्या फॉर्ममध्ये कामाच्या मोबाइलचा खर्च वजा करता येतो, पण ‘मालक तो भरून देत नसेल तर’ अशी अट आहे. घेताना आठवण पक्की. वजावटीच्या बाकी आकड्यांबद्दल काय बोलावं? ते आयकर खात्याच्या तक्त्यातून उचललेले. एका कर्जदाराकडे टोयोटा कॅमरी होती, पूर्ण फेडलेली. तक्त्यात गाडीच्या मालकीपोटी ४७१ डॉलरची वजावट दिसली, त्याने ती घेतली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २०११ मध्ये आठ विरुद्ध एक असा निकाल लागला: गाडीवर कर्ज नाही, तर वजावट नाही. न्यायमूर्ती एलेना केगन यांचं सुप्रीम कोर्टातलं हे पहिलं निकालपत्र. कायद्याच्या भाषेत ते चोख असेल. मथितार्थ एवढाच निघाला की कर्ज फेडलंत ही चूक झाली.

अर्जाची फी ३३८ डॉलर, गरजूंना हप्त्यांची सोय. अर्जाआधीच्या १८० दिवसांत पैसे कसे वापरावेत याचं समुपदेशन सक्तीचं. मग ट्रस्टीपुढे शपथेवर हजेरी. हल्ली ती बहुधा व्हिडिओवरच होते. तिला सावकारांची सभा म्हणतात आणि सावकार सहसा येत नाहीत. ट्रस्टी उताऱ्याच्या एका ओळीवर बोट ठेवून विचारतो, ‘हे काय?’ बंडोपंत सांगतात, ‘डॅलसचं हॉटेल.’ ‘पावती?’ ती कंपनीच्या अॅपमध्ये असते. आणि एखादी जमा लपवायचा विचार मनात आलाच, तर अर्जावर ठळक छापलेलं आहे: अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा वीस वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

ही परीक्षा सर्वांना नाही, हेही सांगितलं पाहिजे. ज्यांचं देणं मुख्यतः घरखर्चाचं, त्यांनाच आहे. धंद्यापायी बुडालेल्यांना ती लागू होत नाही. कंपन्यांना तर नाहीच. डोनाल्ड ट्रम्प यांच्या कॅसिनो आणि हॉटेल कंपन्यांनी १९९१ ते २००९ या काळात पुन्हा पुन्हा कोर्टाचा आसरा घेतला. तिथे कुणी मागच्या सहा महिन्यांच्या टॅक्सीच्या पावत्या मागितल्या नाहीत. बंडोपंतांनी विचारलं, ‘तिकिटांचं कर्ज कंपनीच्या कामाचं, म्हणजे मी धंद्यापायीच बुडालो ना?’ वकील म्हणाला, ‘तिकिटांपुरतं तसं म्हणता येईल. पण घराचं कर्ज घरगुतीच, आणि त्याचं वजन जास्त.’

हे वाचून पुण्या-मुंबईत कुणी हसू नये. मुंबईत सामान्य माणसाला नादारी जाहीर करायची तर अजून १९०९ चा कायदा आहे, बाहेर १९२० चा. मूळ मजकुरात किमान देणं पाचशे रुपये हवं, अशी अट. २०१६ च्या नव्या संहितेचं व्यक्तींसाठीचं प्रकरण कंपन्यांना जामीन राहिलेल्यांपुरतं १ डिसेंबर २०१९ ला सुरू झालं. बाकीच्यांसाठी ते कागदावरच आहे. त्या कागदावर गरिबांसाठी ‘नव्याने सुरुवात’ नावाची सोय आहे: वार्षिक उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, देणं ३५,००० पर्यंत आणि स्वतःचं घर नको. महिना पाच हजारांत जो जगून दाखवेल तो पात्र. अशा माणसाचं नागपूरचं एक टीए बिल मंजूर झालं तरी सोय हातची जायची.

तर बंडोपंत. वकिलाने उपाय सांगितला, आणि तो खरोखर याच धंद्यातला रुळलेला उपाय आहे: थांबा. सप्टेंबरऐवजी ऑक्टोबरमध्ये अर्ज करा. मग सहा महिने एप्रिलपासून सुरू होतील, मार्चचे पंधरा हजार आपोआप बाहेर पडतील. तोवर कार्डवाल्यांचे फोन सहन करा आणि नोकरी सोडू नका. बंडोपंतांनी दर सोमवारी पहाटे विमान पकडलं, दर गुरुवारी बिल चढवलं आणि मनोमन प्रार्थना केली की देवा, यांना मंजुरी देऊ नकोस. मंजुरी देणाऱ्याचा ढिसाळपणा इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या कामी येत होता.

३० सप्टेंबरला, तिमाही संपते म्हणून, कंपनीच्या हिशेब खात्याने झाडून सगळी तुंबलेली बिलं निकाली काढली. ईमेल आला: आपली रक्कम आज जमा होत आहे, विलंबाबद्दल दिलगीर आहोत.