हँडल हातात आलं

2005 च्या नोव्हेंबरात ट्युनिसला माहिती समाजाची जागतिक शिखर परिषद भरली. तिथे निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी गरीब देशांतल्या पोरांसाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप आणला. वीज नाही? हँडल फिरवा! संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी ते फिरवलं आणि हँडल हातातच आलं. आमच्या पोशीरच्या सायकलवाल्याने तिथल्या तिथे नट आवळून दिला असता. पण शिखरावर त्याला कोण बोलावतंय?

दोन वर्षांनी हाच लॅपटॉप आमच्या कर्जत तालुक्यात, खैराटच्या धनगरवाड्यावरच्या शाळेत आला. हँडल गेलेलं, शंभराचे 188 डॉलर झालेले. एक गुरुजी, बावीस पोरं. पोरं लगेच सरावली, हे मान्य केलं पाहिजे. बिचकतात ती मोठी माणसं.

परवा रेशनवर गेलो. अंगठा घ्यायच्या मशीनला रेंज नव्हती. दुकानदार मशीन डोक्यावर धरून आंब्याखाली गेला. मागोमाग आम्ही, अंगठे पुसत. माहितीयुगाची एवढी शिस्तबद्ध दिंडी ट्युनिसलाही निघाली नसेल.

तांदूळ सोमवारी मिळाले.