जाबदार सातासमुद्रापार

अमेरिकेतल्या मुलाचं लग्न पुण्यात किती दिवसांत उरकतं, हे कार्यालयवाल्यांना आता तोंडपाठ झालं आहे. डिसेंबरात तीन आठवड्यांची रजा. पहिल्या आठवड्यात मुली बघणं (म्हणजे व्हिडिओ कॉलवर बघून झालेल्या मुली समोर बसवून पुन्हा बघणं), दुसऱ्यात साखरपुडा, केळवणं आणि लग्न, तिसऱ्यात विवाह नोंदणी. जेट लॅग उतरेपर्यंत मुलगा विवाहित झालेला असतो. घाईत सीमांतपूजन गाळतील, रुखवत अर्धं मांडतील, पण नोंदणीचा दाखला कुणी विसरत नाही. तो व्हिसाला लागतो. विवाह नोंदणीचं महत्त्व सरकारी जाहिरातींना पटवता आलं नाही, ते एच-फोर व्हिसाने पटवलं.

यातली पुष्कळ लग्नं उत्तम चालतात, हे लिहायला हवं. नाहीतर न्यू जर्सीतल्या एडिसनहून पत्रं येतील. आजचं सदर उरलेल्यांसाठी आहे.

उरलेल्यांचं असं होतं की वर्ष-दीड वर्षाने मुलगी दोन बॅगा घेऊन परत येते. लिफ्टमध्ये ‘किती दिवस आहेस?’ म्हणून विचारणाऱ्यांना ‘बघू, अजून ठरलं नाही’ असं सांगण्यात दोन-चार महिने जातात. मग एक दिवस कुरिअरवाला जाड लिफाफा आणून देतो. जावईबापूंनी न्यू जर्सीच्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज टाकलेला असतो. सहा महिने पटत नाही आणि पुन्हा जुळेल अशी आशा नाही, एवढं कारण तिथे पुरतं.

इथे पुरत नाही. हिंदू विवाह कायद्यात क्रूरता आहे, परित्याग आहे, व्यभिचार आहे, धर्मांतर आहे, एवढंच काय, संन्यासही आहे. नवरा भगवी वस्त्रं घालून हिमालयात निघून गेला तर घटस्फोट मिळतो. पटत नाही म्हणून न्यू जर्सीत राहिला तर तेवढ्यावर मिळत नाही. संसार कायमचा मोडला आहे, एवढ्याच कारणावर लग्न संपवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाला आहे, राज्यघटनेच्या कलम १४२ खाली. २०२३ साली घटनापीठाने तसं स्पष्ट केलं. थोडक्यात, ‘पटत नाही’ हे दोन शब्द न्यायाधीशांना मान्य व्हायचे तर दिल्लीपर्यंत जायचं.

मग त्या लिफाफ्यातल्या अर्जावर तिकडे निकाल लागला, तर त्याचं इथे काय होतं? याचं उत्तर १९९१ सालीच मिळालेलं आहे. तिरुपतीला लग्न केलेल्या एका गृहस्थाने अमेरिकेत मिसुरी राज्यात जाऊन, तिथे नव्वद दिवस राहिल्याचं सांगून घटस्फोट मिळवला आणि परत येऊन दुसरं लग्न केलं. सर्वोच्च न्यायालयाने तो घटस्फोट मानला नाही. लग्न ज्या कायद्याखाली झालं त्या कायद्यात बसणारं कारण हवं, आणि बायको तिथल्या कोर्टापुढे आपणहून गेलेली किंवा राजी झालेली हवी, असा त्या निकालाचा मथितार्थ. तेव्हापासून एक मजेदार माणूस जन्माला आला आहे. नेवार्कहून विमान उडतं तेव्हा तो घटस्फोटित असतो, मुंबईला उतरतं तेव्हा विवाहित असतो. मधल्या वेळात फक्त दोन जेवणं आणि एक सिनेमा झालेला असतो. आणि तिकडच्या कागदावर विसंबून तो इकडे पुन्हा बोहल्यावर चढला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ प्रमाणे सात वर्षांपर्यंत येरवड्याची सोय आहे.

मुलीचे वकील म्हणून पहिला मंत्र देतात: कशावरही सही करायची नाही. तिकडे जाऊन लढावं म्हटलं तर आणखी गंमत. ती एच-फोरवर, म्हणजे त्याची बायको म्हणून तिथे राहू शकते. ज्या नात्यावर व्हिसा उभा आहे, ते नातं तोडण्याचा खटला लढायला तिने त्याच व्हिसावर जायचं. निकाल लागला की व्हिसाचा आधारही गेला, मग हरलेली असो की जिंकलेली.

मूल असेल तर विनोद इथेच संपतो. मुलांना एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याबद्दलच्या १९८० सालच्या हेग करारात भारत सामील झालेला नाही. अमेरिकेत जन्मलेलं मूल कडेवर घेऊन माहेरी आलेली आई तिकडच्या कोर्टाच्या लेखी अपहरणकर्ती ठरू शकते, आणि इकडचं कोर्ट मुलाचं हित कशात आहे ते पहिल्यापासून बघायला बसतं. मूल तोवर शाळेत जाऊ लागतं.

तर मुलगी पुण्यातल्या कौटुंबिक न्यायालयात जाते. अर्ज कुठे करायचा हे हिंदू विवाह कायद्याचं कलम १९ सांगतं. लग्न लागलं तिथे, जाबदार राहतो तिथे, दोघं शेवटचे एकत्र राहिले तिथे, बायको अर्जदार असेल तर ती राहते तिथे; ही शेवटची सोय २००३ साली झाली, म्हणजे बायको कुठेतरी राहते हे कायद्याच्या लक्षात यायला जरा वेळच लागला. पण खरं रत्न पुढे आहे. अर्जदाराला आपल्या राहत्या गावी अर्ज करता येतो, जर जाबदार या कायद्याच्या हद्दीबाहेर राहत असेल, किंवा सात वर्षं तो जिवंत असल्याचं कुणाच्या कानावर आलेलं नसेल. परदेशी असणं आणि बेपत्ता असणं कायद्याने एकाच वाक्यात बसवलं आहे. १९७६च्या दुरुस्तीत हे कलम असं लिहिलं गेलं, तेव्हा आपल्याकडे एडिसन म्हणजे फक्त बल्बवाला. दूरदृष्टीला दाद द्यावी तेवढी थोडी.

अर्ज दाखल झाला. आता समन्स. जाबदार हडपसरला राहत असता तर बेलिफ दुचाकीला किक मारून निघाला असता. न्यू जर्सीचा जाबदार म्हटल्यावर १९६५चा हेगचा बजावणी करार पुढे येतो. भारतात तो १ ऑगस्ट २००७पासून लागू आहे. कागद दोन प्रतींत करायचे, ठरलेला फॉर्म भरायचा, ते दिल्लीच्या विधि व न्याय मंत्रालयाच्या वाटेने परदेशी रवाना करायचे. अमेरिकन सरकारने हे समन्स पोचवण्याचं काम एका खाजगी कंपनीकडे दिलेलं आहे. तिची फी डॉलरमध्ये, आणि आधी. बजावल्याचा दाखला त्याच वाटेने परत यायचा. सहा महिने वाट पाहूनही तो आला नाही आणि बाकीच्या अटी पुऱ्या झाल्या, तर कोर्टाला पुढे जाता येतं, ही या करारातली सगळ्यात माणुसकीची ओळ. तोवर मुलीला दर तारखेला ‘समन्स रिपोर्ट आला नाही’ एवढं ऐकायला रजा टाकून जायचं असतं.

मधल्या काळात मुलीची आई विचारते, “अहो वकीलसाहेब, तो रोज रात्री फॅमिली ग्रुपवर गुड नाइट टाकतो. त्याला व्हॉट्सॲपवर नाही का पाठवता येत?” प्रश्न बिनतोड आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली एका क्रेडिट कार्डाच्या थकबाकीदाराला व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस बजावली गेली असं मानलं. निळ्या खुणा दिसल्या म्हणजे त्याने ती उघडली. थकबाकीदार बिचारा सरळ होता. आमचे जावईबापू आयटीतले. त्यांनी लग्नाच्या आठवड्यातच निळ्या खुणा बंद केलेल्या असतात.

शेवटी उरते जाहीर नोटीस. साध्या मार्गाने बजावणी होत नाही असं कोर्टाला पटलं, तर जाबदार शेवटचा जिथे राहत होता त्या भागात खपणाऱ्या वर्तमानपत्रात समन्स छापायचं, असा दिवाणी कायद्याचा दंडक आहे. शेवटचा राहत होता म्हणजे इकडे, आईवडिलांच्या घरी. म्हणून आमच्याच पेपरात, निविदा आणि ‘हरवले आहे’ यांच्या मधोमध, एक चौकट येते. न्यू जर्सीतल्या नवऱ्याखेरीज ती सगळ्या कोथरूडला वाचायला मिळते. लिफ्टमधले प्रश्न त्या दिवशी बंद होतात, हा एक फायदा.

समजा जाबदार आपणहून हजर झाला. म्हणजे तो नव्हे, त्याचे वडील. मुलाने तिकडच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र इकडे येतं, तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरायची, आणि निवृत्त बँक अधिकारी असलेले सासरे मुलाच्या जागी समुपदेशनाला बसतात. पुढ्यात प्लॅस्टिकची फाइल, तिच्यात सगळे कागद पंच करून, वर अनुक्रमणिका. समुपदेशक बाई विचारतात, “काका, दोघांत नेमकं काय बिनसलं?”

“आमच्यात तसं काही नाही. सूनबाईंचं माझं कधी वाजलं नाही.”

“तुमचं नाही हो. मुलाचं आणि तिचं.”

“ते त्यालाच ठाऊक. मला त्याने कागद पाठवलेत, कारणं पाठवली नाहीत.”

काका कायद्याला धरून बोलत आहेत. मुखत्यार सह्या करू शकतो, तारखांना येऊ शकतो. पण जे फक्त मालकालाच ठाऊक आहे त्याबद्दल त्याच्या वतीने साक्ष देऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच सांगितलेलं आहे. लग्न ठरवताना मात्र मुलाच्या मनातलं सगळं काकांनाच ठाऊक होतं.

दोन्हीकडची डोकी थंड झाली तर परस्पर संमतीचा रस्ता आहे. त्यातली सहा महिने थांबण्याची अट कोर्ट माफ करू शकतं, हे २०१७ साली ठरलं. त्याच वर्षी असंही ठरलं, की तडजोडीचे प्रयत्न फसल्यावर दोघांनी मिळून अर्ज केला तर व्हिडिओवरून सुनावणी करता येईल. म्हणजे कशावरच एकमत होत नाही हे सांगायला आधी एकमत हवं. पुढे कोविड आला आणि कॅमेरे सगळीकडे बसले. सकाळी अकराच्या पुकाऱ्याला न्यू जर्सीत रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात, उन्हाळ्यात दीड. अंगात इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा, मागे भिंतीवर लग्नात आहेर म्हणून आलेलं गणपतीचं चित्र, आणि न्यायाधीश विचारतात, “तुम्ही ही संमती कुणाच्या दबावाखाली देत नाही ना?” झोपेच्या, असं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

उलटही होतं बरं का. बायको बर्लिनला किंवा डब्लिनला नोकरीवर आणि नवरा इथे बाणेरला फाइल घेऊन हिंडतोय, अशी जोडपी आता वाढली आहेत. फरक एवढाच, की तिच्या वतीने हजर राहणाऱ्या तिच्या वडिलांकडे समाज ‘मुलीला फार शिकवलं’ अशा नजरेने बघतो. काकांकडे कुणी तसं बघत नाही.

सरकार गप्प बसलेलं नाही. २०१९च्या फेब्रुवारीत सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत अनिवासी भारतीयांच्या विवाह नोंदणीचं विधेयक मांडलं. लग्नानंतर तीस दिवसांत नोंदणी करा, नाहीतर पासपोर्ट जप्त होऊ शकेल. समन्स बजावता आलं नाही तर परराष्ट्र मंत्रालयाच्या वेबसाइटवर टाका, ते बजावल्यासारखंच, अशी तरतूद त्यात होती. मुलाची रजा तीन आठवड्यांची, मुदत तीस दिवसांची; तो आधीच उडालेला असणार, हा हिशेब कुणी केला नसावा. २०२४ साली विधी आयोगाने आणखी व्यापक कायदा करा असा अहवाल दिला. राज्यसभेत मांडलेलं विधेयक लोकसभा विसर्जित झाली तरी मरत नाही, हा त्या सभागृहाचा मोठेपणा. नांदतही नाही, सुटतही नाही. आमच्या अर्जदार मुलींना ही अवस्था चांगली परिचयाची आहे.

तेव्हा यंदाच्या डिसेंबरात ज्यांच्या घरी बोलणी बसणार आहेत, त्या मुलीच्या आईवडिलांना एक विनंती. पॅकेज विचारा, ग्रीन कार्ड कुठवर आलंय तेही विचारा, पत्रिकाही बघा, आमची हरकत नाही. पण ‘मुलगा न्यू जर्सीला असतो’ एवढ्यावर थांबू नका. त्याचा तिकडचा राहता पत्ता अपार्टमेंटच्या नंबरासकट आणि झिप कोडासकट लिहून घ्या, कंपनीचं नाव घ्या, पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स घ्या, आणि ती फाइल मुलीच्या हातात द्या, सासरच्या कपाटात नको. हेगच्या बजावणी कराराचं पहिलंच कलम सांगतं, की ज्याच्यावर कागद बजावायचे त्याचा पत्ता माहीत नसेल, तर हा करार लागूच होत नाही.