मुलासाठी घेतोय!

पुण्यामुंबईकडच्या मध्यमवर्गीय घरांत अलीकडे एक नवी जमात वाढीला लागली आहे. हे गृहस्थ चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असतात. केस विरळ व्हायला लागलेले, गृहकर्जाचे हप्ते निम्मे फिटलेले आणि घरात सहा वर्षांचं एक अपत्य, शिवाय एक रांगतं. "मुलासाठी घेतोय" हे वाक्य ते कुणी विचारलेलं नसताना म्हणतात, हीच त्यांना ओळखायची खूण. दुकानदाराला म्हणतात, बायकोला म्हणतात, ऑफिसात म्हणतात, आणि माझा दाट संशय आहे, दाढी करताना आरशालाही म्हणतात. घेतात ते टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, म्हणजे कन्सोल. म्हणून आपण त्यांना कन्सोलराव म्हणू.

कन्सोलरावांचं मूळ नव्वदच्या दशकात सापडतं. तेव्हा अख्ख्या चाळीत एखाद्याच घरी 'व्हिडिओ गेम' असे. 'समुराई', 'मीडिया' अशा नावांची ती यंत्रं म्हणजे निन्टेंडोने १९८३ साली जपानात काढलेल्या फॅमिकॉमच्या नकला होत्या, हे कन्सोलरावांना पुष्कळ उशिरा कळलं. तोवर त्यांनी मित्राच्या घरी, जमिनीवर मांडी घालून, आपली पाळी येण्याची वाट पाहत बालपण काढलं होतं. कॅसेटवर '९९९९ इन १' छापलेलं असायचं आणि आत खरे गेम बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळे त्यांचेच अवतार. कॅसेट चालेना की तिच्यात फुंकर मारायची. मित्राची आई "टीव्ही तापला रे" म्हणाली की निमूट चपला शोधायच्या. 'कॉन्ट्रा'त तीस जीव मिळवायला कुठली बटणं कुठल्या क्रमाने दाबायची ते कन्सोलराव आजही झोपेत सांगतील. स्वतःचा पॅन नंबर मात्र त्यांना कार्ड बघून लिहावा लागतो.

स्वतःच्या घरी असं यंत्र काही आलं नाही. वडील म्हणाले, "दहावी होऊ दे, मग बघू." दहावी झाली, बारावी झाली, इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, लग्न झालं. वडिलांचं बघणं संपेना. पुढे चिरंजीव पहिलीत गेले आणि कन्सोलरावांची दहावी एकदाची झाली.

खरेदीआधी संशोधन. घरातला फ्रिज या गृहस्थांनी रंग आवडला म्हणून घेतला होता. पण सहा वर्षांच्या मुलाच्या पहिल्या कन्सोलसाठी त्यांनी एक्सेल शीट केली. तिच्यात वयोगट, हिंसा, शैक्षणिक मूल्य आणि 'पुढेमागे विकला तर किती येतील' असे रकाने होते. सल्लागारही नेमले. ऑफिसातल्या एका अविवाहित सहकाऱ्याने 'डार्क सोल्स' सुचवला. या गेमची सगळी कीर्ती खेळणाऱ्याला पुन्हा पुन्हा मारण्यावर उभी आहे. "पोरगं खमकं होईल," असं त्याचं म्हणणं. सासरे म्हणाले, "त्यापेक्षा सायकल घ्या." आई म्हणाली, "माळ्यावर कॅरम आहे की! सोंगट्या तेवढ्या आण." हे सगळे अभिप्राय शीटमध्ये नोंदवले गेले, आणि ज्याला गेम खेळायचा होता त्याला कुणी काही विचारलं नाही.

शीटमधून निन्टेंडोचा स्विच निघाला. पण निन्टेंडोचं भारतात अधिकृत दुकान नाही. त्यामुळे यंत्र एकतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करून घ्यायचं, नाहीतर अमेरिकेतल्या मेहुण्याच्या बॅगेतून आणायचं. कन्सोलरावांनी मेहुणा निवडला. मेहुण्याच्या बहिणीसाठीच्या, म्हणजे स्वतःच्या बायकोच्या, सामानातून दोन किलो काढायला लावून त्या जागी स्विच आला. बायकोने ते अजून विसरलेलं नाही.

मग आला गेमच्या डब्यावरच्या वयाच्या आकड्याचा प्रश्न. १९९३ साली 'मॉर्टल कॉम्बॅट' या गेममधल्या रक्तपातावरून अमेरिकेच्या सिनेटमध्ये गदारोळ झाला. सरकार कायदा करील या धास्तीने धंदेवाल्यांनी १९९४ साली स्वतःच ईएसआरबी हे मानांकन मंडळ काढलं. युरोपातलं पेगी २००३ साली आलं. ३, ७, १२, १६, १८ हे आकडे त्याचे. कन्सोलराव हा इतिहास लिफ्टमध्ये सापडलेल्या शेजाऱ्याला तळमजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत ऐकवतात. पण त्यात एक गोम आहे. मुलाने पाहू नये असं आत काय आहे, एवढंच तो आकडा सांगतो. मुलाला ते जमेल की नाही याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. फुटबॉलच्या गेमवर ३ लिहिलेलं असतं, आणि खेळायला दोन्ही हातांची झाडून सगळी बोटं लागतात. तेव्हा '३ आहे, म्हणजे आपल्याला सहज जमेल' असं समजून आणलेले गेम पुष्कळ घरांत टीव्हीखालच्या खणात पडून असतात.

कन्सोलरावांनी मात्र आकडा मुळात पाहिलाच नाही. इतिहास सांगण्याच्या नादात राहून गेलं म्हणे. त्यांनी आणला 'झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. सन २०१७ चा, जगभर वाखाणलेला आणि युरोपात बारा वर्षांच्या पुढच्यांसाठी असलेला. "सुरुवात उत्तम कलाकृतीपासून व्हावी," असं ते म्हणाले. त्या गेममध्ये माणसं बोलतात ती इंग्रजीत, आणि त्यातलं बहुतेक पडद्यावर वाचावं लागतं. चिरंजीव नुकते 'कमळातला क' ओलांडून काना-मात्रेत शिरलेले. त्यामुळे प्रत्येक संवाद बाबांनी वाचायचा, त्याचं मराठी करायचं, वर आवाज बदलून म्हणून दाखवायचं. गेममधला पहिला म्हातारा भेटेपर्यंतच बाबांचा घसा बसला.

चिरंजीवांना त्या अफाट मुलखातल्या दोनच गोष्टी आवडल्या. झाडावरची सफरचंदं तोडणं आणि ती चुलीवरच्या कढईत टाकणं. कढईत काही टाकलं की गाणं वाजतं आणि जिन्नस उड्या मारतात. पोरगं खदाखदा हसलं. परत सफरचंदं, परत कढई. बाबा शेजारी बसून तळमळत होते.

"अरे, राजकन्या शंभर वर्षं वाट बघतेय तिकडे किल्ल्यात!"

"मग अजून थोडी बघू दे ना," चिरंजीव म्हणाले, आणि कढईत अंडं टाकलं.

राजकन्या शेवटी सुटली. रात्री पावणेदोन वाजता, बाबांच्या हातून.

दुसरा गेम 'मारिओ कार्ट ८ डीलक्स'. ही निवड खरोखर चांगली होती. त्यात लहान मुलांसाठी सोय आहे. गाडी आपोआप पुढे जाते आणि कडेला गेली की स्वतःच रस्त्यावर येते. ही सोय चालू असताना गाडीच्या मागे एक अँटेना दिसते. कन्सोलरावांनी ती सोय बंद केली. "हाताला वळण लागू दे." वळण लागलं ते असं, की चिरंजीव दर वळणाला समुद्रात. समुद्रात पडलं की ढगावर बसलेलं एक कासव गळ टाकून गाडी वर काढतं. चिरंजीवांना तो गळवाला इतका पसंत पडला की पुढे त्यांनी वळण यायचीही वाट पाहिली नाही. मिळेल तिथे उडी. शर्यत संपली तेव्हा ते बारावे, म्हणजे शेवटून पहिले होते आणि अत्यंत खूश होते.

पहिला नंबर बाबांचा यायचा. पण या गेमचा न्याय असा की मागे पडलेल्याला रॉकेट मिळतं आणि पुढे असलेल्याला केळ्याचं साल. शिवाय निळं कवच नावाचं एक अस्त्र आहे, ते थेट पहिल्या नंबरावरच्याला शोधत येतं. शेवटच्या फेरीत, फिनिश लाइन दिसत असताना, ते बाबांना लागलं. कन्सोलराव ताडकन उभे राहिले आणि "हा काय न्याय झाला!" असं ओरडले. ऑफिसातल्या अप्रेझलच्या वेळीही त्यांचा इतका मोठा आवाज निघाला नव्हता. चिरंजीव तेव्हा समुद्रातून बाहेर येत होते. ते म्हणाले, "बाबा, तू पण उडी मार. मजा येते."

या सगळ्यात धाकटी कन्या रांगत आली आणि तिने स्विचची इवलीशी कॅसेट तोंडात घातली. लगेच थू थू करून बाहेर टाकली. मुलांनी गिळू नये म्हणून निन्टेंडो त्या कॅसेटवर एका अतिकडू रसायनाचा थर देतं. एवढं सांगून कुठलाही समंजस बाप थांबला असता. कन्सोलरावांनी "बघू किती कडू आहे" म्हणून स्वतः चाटून पाहिली. संध्याकाळचा चहा त्यांनी तीनदा गोड करून घेतला.

तिसरा गेम 'ॲनिमल क्रॉसिंग'. यात मारामारी नाही, हार-जीत नाही. एक बेट, त्यावर बोलणारे प्राणी, मासेमारी, फुलझाडं. पण इथेही टॉम नूक नावाचा एक गृहस्थ येऊन ९८,००० नाण्यांचं घरकर्ज गळ्यात मारतो. मात्र व्याज शून्य, मुदत नाही, हवं तेव्हा फेडा. कन्सोलरावांच्या आईने हे सोफ्यावर बसून नीट ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "बिनव्याजी? सही करू नकोस रे बाळा. यात काहीतरी काळंबेरं आहे."

काळंबेरं वेगळ्याच ठिकाणी निघालं. एका यंत्रावर एकच बेट मिळतं, आणि बेटाचे मोठे निर्णय पहिल्यांदा खेळायला बसणाराच घेतो. पहिले कोण बसले होते हे सांगायला नको. चिरंजीवांनी आणलेलं फुलझाड रात्रीत उपटून तिथे रस्ता व्हायचा, कारण बाबांचा विकास आराखडा होता. शिवाय तिथे रविवारी सकाळी सलगम विकायला एक रानडुकरीण येते. ते दुपारच्या आत घ्यायचे, आठवड्यात भाव वधारला की विकायचे, पुढच्या रविवारपर्यंत ठेवले तर सडतात. कन्सोलराव रविवारी पहाटे गजर लावून उठू लागले. खरी भाजी आणायची पिशवी दाराच्या कडीला तशीच लटकत राहायची.

यातून त्यांचा घात झाला. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली सांगितलेलं आहे, की पाच ते दहा वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोरचा एकूण वेळ दिवसाला दोन तासांपेक्षा कमी असावा. त्यात टीव्ही आला, मोबाइल आला. म्हणून बायकोने पालकांचं ॲप आपल्या फोनवर घेऊन स्विचला रोजचा एक तास ठरवून दिला. पण त्यांच्या स्विचवर ही मर्यादा यंत्राला लागते, माणसाला लागत नाही. रविवारी चिरंजीव दात घासून, दूध पिऊन, शहाण्यासारखे टीव्हीसमोर बसले आणि पडद्यावर सूचना आली : आजची वेळ संपली. घरात भोकाड पसरलं गेलं. बायकोने फोन काढला. कोणता गेम, किती मिनिटं, सगळं त्यात असतं.

"सलगम घेत होतो," कन्सोलराव म्हणाले.

"घरात कांदा नाहीये," बायको म्हणाली.

चौथा गेम तिनेच निवडला. शीट उघडली नाही. चिरंजीवांना चार गेमची झलक दाखवली आणि ते कुठे हसतात एवढंच पाहिलं. एक गुलाबी, गोल प्राणी अख्खी मोटार तोंडात कोंबतो आणि स्वतःच मोटार होऊन धावतो, तिथे ते लोळले. 'किर्बी अँड द फरगॉटन लँड', २०२२ चा. सुरुवातीलाच सोपा आणि अवघड असे दोन पर्याय विचारतात. तिने सोपा निवडला. "यात आव्हान काहीच नाही," असं कन्सोलराव पुटपुटले. त्यांच्या हातात तिने दुसरा कंट्रोलर दिला. या गेममध्ये दुसऱ्या खेळाडूचं काम सोबतीचं. चालायचं पोराच्या चालीने. दुसरा रेंगाळला किंवा आगाऊपणे भलतीकडे गेला, की गेम त्याला उचलून पहिल्याच्या शेजारी आणून ठेवतो. पहिल्या संध्याकाळी कन्सोलराव असे बरेच वेळा उचलले गेले. आता ते बऱ्यापैकी शेजारी चालतात.

तुमच्या घरी किंवा शेजारी असे कन्सोलराव असतील तर त्यांना एवढंच सांगा. पहिला गेम घेताना तीन गोष्टी पाहा. इंग्रजी वाचता न येता मुलाला तो खेळता येतो का? पडलं तर फार मागे न जाता तिथूनच पुन्हा उठता येतं का? आणि शेजारी बसून दुसऱ्याला खेळता येतं का? डब्यावरचा आकडा बघायचाच आहे, पण तो या तिन्हींची उत्तरं देत नाही. आणि तुम्हाला राजकन्या सोडवायची असेल तर खुशाल सोडवा, लहानपणापासून वाट पाहिली आहे तुम्ही. फक्त तो गेम वेगळा घ्या, मुलं झोपल्यावर खेळा, आणि दुकानदाराला स्पष्ट सांगा : माझ्यासाठी घेतोय.