अंगठा लागत नाही

अमेरिकेच्या विमानतळावर रांगा दोन. एक पाहुण्यांची, एक घरच्यांची. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली आज्जी घरच्यांच्या रांगेत उभी असते, कारण लेकानं काढून दिलेलं ग्रीन कार्ड तिच्या बटव्यात असतं. लेक, सून, नातू निळे पासपोर्ट दाखवून सटासट पलीकडे जातात. आज्जी खिडकीशी पोचली की साहेब म्हणतो, बोटं ठेवा.

नागरिकाची बोटं मागत नाहीत. ग्रीन कार्डवाल्यांची 2009 पासून मागतात. म्हणजे आज्जी घरचीच. फक्त घरात शिरताना दर वेळी ओळख पटवायची. तेही चाललं असतं, पण आज्जीचा अंगठा लागत नाही.

कसा लागेल? उभा जन्म विड्या वळण्यात गेला. ओलं तेंदूपान, कातर, दोरा, आणि प्रत्येक विडीचं तोंड बोटानं दुमडून बंद करायचं. दिवसाला हजार विड्या म्हणजे दिवसाला हजारदा दुमडणं. त्यात बोटांवरच्या रेघा गेल्या. मजुरीच्या हिशेबात त्या कुणी धरल्या नव्हत्या. साहेब म्हणतो, पुसा. मग म्हणतो, जोरात दाबा. आज्जीला यातलं एकही अक्षर इंग्रजी कळत नाही आणि तरी सगळं कळतं, कारण हा कार्यक्रम तिनं रेशन दुकानात पुष्कळदा केलाय. पदराला पुसणे, लिंबू चोळणे, फुंकर मारणे, दुसरं बोट देणे, तिसरं देणे, शेवटी दुकानदाराचं ‘उद्या या’. इथं विमानतळावर उद्या या म्हणायची सोय नाही, म्हणून बाजूच्या खोलीत बसवतात.

आणि मला संताप येतो तो त्या साहेबाचा नाही. तो परका, यंत्रापुढं बसलेला. पण हे इथले, आपले कोण लागतात? गहू पाहिजे, अंगठा द्या. महिन्याची हजार रुपये पेन्शन पाहिजे (2014 साली किमान हजार ठरली, अजून हजारच), तर दरवर्षी जिवंत असल्याचा अंगठा द्या. समोर बाई बसलीय, बोलतेय, चारचौघांत शिव्या घालतेय, पण यंत्र म्हणतं पुरावा नाही. विडी मापात नसली की छाट काढायला माणूस नेमलेला असायचा. वळणारीच्या बोटांकडं बघायला कधी कुणी नेमला? विड्यांची छाट काढता काढता आता बाईच छाटीत टाकली.

बरं, तिकडंच कायम राहावं, तर पूर्व भागात घर आहे, जत्रा आहे, लग्नं आहेत. इकडं राहावं, तर वर्षाच्या वर राहिली की ग्रीन कार्डच धोक्यात. म्हणून आज्जी सहा-सहा महिन्यांनी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई गाठते नि तिथून पुढं बोटं द्यायला जाते.

लेकाचा आता एकच धोशा: अम्मा, नागरिक हो, म्हणजे बोटांची कटकट संपेल. संपेल की! आपल्याकडं दोन नागरिकत्वं चालत नाहीत, तेव्हा इथला पासपोर्ट जाणार. मग मुंबईला उतरली की आज्जी परदेशी. आणि परदेशी माणसाची बोटं मुंबईत मागतात.