वरपर्यंत सेट आहे!

१९८९ साली ऑक्सफर्डच्या इंग्रजी महाकोशाची २० खंडांची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात सर्वांत लांबलचक नोंद होती ती 'सेट' या चिमुकल्या क्रियापदाची. अर्थ ४३० च्या आसपास. सूर्य मावळतो ते सेट, सिमेंट धरतं ते सेट, मोडलेलं हाड बसवतात ते सेट, जेवणाचं टेबल मांडतात तेही सेट. भूतकाळातलं रूपसुद्धा सेटच. काल सेट, आज सेट. सरकार बदललं तरी रूप तेच. अशा क्रियापदाला महाराष्ट्राचं डोमिसाइल मिळालं नसतं तरच नवल.

एवढा खटाटोप करूनही ऑक्सफर्डकरांच्या हातून मुख्य अर्थ निसटलाच. बिचारे थेम्सकाठी बसून राहिले. तहसील कचेरीबाहेर स्टॅम्प व्हेंडरच्या छत्रीखाली बसले असते, तर अर्ध्या तासात काम झालं असतं. तिथला एजंट बघा. खिशात दोन मोबाइल, काखेत सातबाऱ्यांनी फुगलेली प्लास्टिकची पिशवी. त्याला सांगा, वारसांची नावं लागायची आहेत, फेरफार अडकलाय. 'साहेब पैसे घेतात' असं तो मुळीच म्हणणार नाही. चहाचा घोट घेईल आणि कचेरीच्या खिडकीकडे न बघता म्हणेल, "झालंच समजा. वरपर्यंत सेट आहे." कोणी केलं, कोणाशी, कितीला? वाक्यात कर्ता नाही, कर्म नाही, नुसतं क्रियापद. शाळेत आम्हाला कर्तरी, कर्मणी आणि भावे असे तीनच प्रयोग शिकवले. हा चौथा मास्तरांकडून राहून गेला. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला हवा असतो नेमका कर्ताच, म्हणून ते सापळा लावतात. आता सापळा लावण्यालाही इंग्रजीत सेटच म्हणतात, ही आणखी पंचाईत.

शिक्षणक्षेत्राने तर हे क्रियापद फारच मनावर घेतलंय. पेपर सेट करणं म्हणजे विलायतेत प्रश्न काढणं. आपल्याकडे ते प्रश्न परीक्षेच्या आदल्या रात्री गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पोचवणंही त्यातच आलं. प्राध्यापक होण्यासाठी राज्याची एक पात्रता परीक्षा असते, तिचं नावच 'सेट'. ती पास झाली की उमेदवाराचं निम्मं काम झालं. पुढचं 'इंग' संस्थाचालकांकडे मिळतं.

ऑक्सफर्डात मात्र 'सेट'ची गादी गेली. नव्या आवृत्तीच्या कामात 'रन'चे ६४५ अर्थ निघाले आणि २०११ मध्ये त्याचा पहिला नंबर जाहीर झाला. एक कोशकार या एकाच शब्दावर नऊ महिने खपत होता म्हणे. कारण सांगतात ते असं, की यंत्रयुग आलं. गिरण्या, आगगाड्या, मागाहून संगणक, सगळंच 'रन' व्हायला लागलं. ही बातमी एजंटाच्या कानावर घातली. त्याने तळहातावरचा चुना तंबाखूत नीट मळला, चिमूट गालात सोडली आणि म्हणाला, "असू दे की. पण सेट केल्याशिवाय रन होतंय का काही?"