आत-बाहेर

१८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला हलवली, तेव्हा बरीच मराठी मंडळी त्यांच्यामागे गेली. आमचे पूर्वज गेले नाहीत. निष्ठेपेक्षा सामान बांधायचा कंटाळा मोठा, हा आमच्या घराण्याचा बाणा तेव्हापासूनचा. त्यामुळे कार्तिक चौकाजवळचं आमचं घर जागच्या जागी राहिलं आणि पुढच्या पिढ्यांनी त्यावर आपापली करामत केली.

मूळ घर चौकाचं. मधोमध उघडा चौक, चहूकडून ओसरी. माकडं डाळ पळवतात म्हणून आजोबांनी चौकावर जाळी ठोकली. पाऊस ओसरीत येतो म्हणून बाबांनी जाळीवर पत्रा घातला. पत्रा दिसायला वाईट म्हणून मोठ्या काकांनी खालून पीओपी केलं. मग भरदिवसा ट्यूबलाइट लागायला लागली आणि चौकाला सगळे हॉल म्हणू लागले.

ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल मंदिराभोवती ‘महाकाल लोक’ हा नवा परिसर झाल्यापासून गल्लीत होमस्टेच्या पाट्या लागू लागल्या. त्यात २०२८ चा सिंहस्थ तोंडावर. पुतण्या इंदूरहून एक आर्किटेक्ट घेऊन आला.

“काका, हल्ली घरात आत-बाहेर असा भेदच ठेवत नाहीत,” तो म्हणाला. म्हणजे पीओपी फोडायचं, पत्रा उतरवायचा, चौकावर काच. गल्लीकडची भिंत पाडून तिथे सरकती दारं. ओट्यावर लाकडी डेक आणि वेताच्या खुर्च्या. पूर्वजांनी फुकट दिलेलं आभाळ आम्ही पैसे मोजून बंद केलं होतं. आता ते पैसे मोजून उघडायचं होतं, आणि उघडायचा दर बंद करण्याच्या कितीतरी पट होता.

“वरून थेट सूर्यप्रकाश येईल,” आर्किटेक्ट म्हणाला. थेट म्हणजे किती थेट, हे इंदूरच्या माणसाला तरी सांगावं लागू नये. कर्कवृत्त आमच्या जरासं उत्तरेहून जातं. २१ जूनच्या सुमारास भरदुपारी सूर्य असा डोक्यावर येतो की सावली पायाखाली गडप होते. शंकुयंत्राची ही हरवलेली सावली बघायला जीवाजी वेधशाळेत लोक जमतात. ती वेधशाळा सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधली, तीही उघड्या आभाळाखाली. पण जयसिंहाला तिथे जेवून वामकुक्षी करायची नव्हती.

“बरं झालं,” वहिनी म्हणाली, “कुरडया वाळवायला गच्चीवर जायला नको.”

भिंत पडली त्या दिवशी काच यायची होती. काच आली नाही, बाहेर मात्र आलं. आधी राजस्थानकडचं एक कुटुंब ओसरीवर चढलं, चपला रांगेत काढल्या आणि “भैया, मोबाइल कहाँ जमा करना है?” असं विचारत माझ्या हातात फोन ठेवू लागलं. चपला दिसल्या म्हणून मागे आणखी दहा-बारा जण उभे राहिले. एका आजींनी मिक्सरच्या कोनाड्यात दोन केळी आणि दहाची नोट ठेवून हात जोडले. मागोमाग रोजची गाय आली. आईने ओट्यावर पोळी दिली. गाईने ती खाल्ली, आत येऊन केळीही खाल्ली आणि आर्किटेक्टच्या नकाशावर शेण टाकून पंख्याखाली उभी राहिली.

“तिला कशाला हाकलता?” आई म्हणाली. “भेद ठेवायचा नाही ना?”

यथावकाश काच आली. उन्हासाठी तिच्याखाली हिरवी जाळी आली, माकडांसाठी वर लोखंडी. आणि पहिले पाहुणे आले ते थेट पुण्याहून. डेकवर बसून त्यांनी पोहे-जिलबी खाल्ली, शेव मागून घेतली, चौकाचे फोटो काढले. अर्ध्या तासाने गृहस्थ आत आले.

“जरा ती दारं लावून एसी चालू करता का? बाहेरचं सगळं आत येतंय.”

पुतण्या हुशार. दरपत्रकात त्याने त्याच रात्री एक ओळ वाढवली: ‘दारे बंद हवी असल्यास जादा आकार पडेल.’